भाड्याने द्यायचं पहिलं घर: हिशेब, भाडेकरू आणि गळका नळ

भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचं म्हणणाऱ्या नवख्या माणसाला मी आधी एकच प्रश्न विचारतो. या घराची किंमत किती महिन्यांच्या भाड्याइतकी आहे? बहुतेकांकडे उत्तर नसतं. किंमत तोंडपाठ असते, कर्जाचा व्याजदर तोंडपाठ असतो, आजूबाजूला काय काय होणार आहे हेही ठाऊक असतं. भाडं मात्र 'मिळेल की चांगलं' एवढ्यावर सोडून दिलेलं असतं.

माझी दोन छोटी घरं आहेत, दोन्ही भाड्याने दिलेली. पहिल्या घराने बरंच शिकवलं आणि त्याची फीही वसूल केली. ज्यांना नोकरी-धंदा सांभाळून एखाददुसरं घर भाड्याने द्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इमारतीच्या इमारती बाळगणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

घेण्याआधी: सगळा हिशेब महिन्यांत

खरेदीची रक्कम, नोंदणीचा खर्च, दलाली, रंगरंगोटी, पंखे-दिवे, आधीची राहिलेली दुरुस्ती, सगळं एकत्र करा. त्या बेरजेला महिन्याच्या भाड्याने भागा. भाडं विकणाऱ्याने सांगितलेलं धरू नका. त्याच परिसरात तसंच घर गेल्या दोन-तीन महिन्यांत खरोखर कितीला गेलं ते काढा. समजा भागाकार ३०० आला. वर्षाला १२ महिन्यांचं भाडं येणार, म्हणजे ढोबळ परतावा १२ भागिले ३००, अर्थात ४ टक्के. भागाकार २४० आला तर ५ टक्के.

आता त्या बारातून वजाबाकी करा. एक महिना घर रिकामं राहील असं धरायचं. दरवर्षी राहणार नाही, पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत साफसफाई, रंग आणि शोधाशोध यांत दिवस जातातच, सरासरीत ते दिसतात. एक महिना दुरुस्तीचा. एक महिना घराचे कर, इमारतीचं देखभाल शुल्क, विमा आणि दलाली मिळून. उरले ९. म्हणजे ४ टक्क्यांचे ३ झाले, आणि उत्पन्नावरचा कर अजून भरायचाच आहे.

अमेरिकेतल्या छोट्या घरमालकांत दोन ठोकताळे फार चालतात. एक, महिन्याचं भाडं किमतीच्या १ टक्का असावं, म्हणजे घर १०० महिन्यांच्या भाड्यात बसावं. दोन, कर्जाचा हप्ता वेगळा ठेवून उरलेल्या खर्चातच निम्मं भाडं जाईल असं गृहीत धरावं. पहिला ठोकताळा बहुतेक मोठ्या शहरांत लागूच पडत नाही. दुसरा ऐकताना कडवट वाटतो, पण जुनं घर घेत असाल तर तोच हाताशी ठेवा.

कर्ज असेल तर आणखी एक भागाकार. वरच्याच घरासाठी २०० महिन्यांच्या भाड्याइतकं कर्ज ८ टक्के दराने २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता भाड्याच्या १.६७ पट येतो. 'भाडेकरूच हप्ता फेडेल' असं सगळे म्हणतात. इथे तो १०० तले ६० फेडतोय, उरलेले ४० तुमच्या पगारातून जाणार, आणि घर रिकामं असताना शंभरच्या शंभर. किंमत वाढेल या भरवशावर लोक असं घर घेतात, त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. फक्त ते भाड्यासाठी घेतलं असं स्वतःला सांगू नका. आणि चावी हातात येण्याच्या दिवशी तीन महिन्यांचं भाडं आणि तीन हप्ते एवढी रक्कम बाजूला पडलेली हवी. नसेल तर थांबा.

घर बघायला जाल तेव्हा पाणी शोधा

भाड्याच्या घरात पैसा दोन वाटांनी जातो, रिकाम्या महिन्यातून आणि पाण्यातून. बाकी सगळे खर्च किरकोळ.

घर बघताना लोक दिवाणखान्यात उभे राहून खिडकीबाहेर बघतात. तुम्ही आधी बाथरूमच्या पाठीमागची भिंत बघा, म्हणजे बेडरूमची ती बाजू. तिथे हात फिरवा. गार आणि किंचित मऊ लागली, रंग फुगलेला असला किंवा पांढरी भुकटी बोटाला लागली, तर भिंतीला लोणा लागलाय आणि ओल आत मुरलेली आहे. छताकडे बघा. तपकिरी कडेचा डाग म्हणजे पाणी येऊन वाळलेलं आहे, आणि एकात एक अशा कडा असतील तर ते पुन्हा पुन्हा आलेलं आहे. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत नवी कोरी दिसत असेल तर तो रंग कशासाठी लावला ते विचाराच. शक्य असेल तर एक फेरी मोठा पाऊस पडून गेल्यावर मारा.

ताब्यात घर आलं की तीन चाचण्या करा. एकीलाही खर्च नाही.

पहिली बाथरूमच्या फरशीची. फरशीतलं पाणी जाण्याचं भोक, म्हणजे नहाणी ट्रॅपचं तोंड, कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, फरशीवर बोटाच्या दोन पेरांइतकं पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि दार लावून २४ तास विसरा. पातळी थोडी उतरेल, तेवढं पाणी वाफ होऊन जातं. चांगली उतरली किंवा खालच्या मजल्यावर ओल दिसली, तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. हे भाडेकरू यायच्या आधी कळलं तर काम चार-आठ दिवसांचं. नंतर कळलं तर माणसं घरात असताना बाथरूम फोडायचं.

दुसरी फ्लशच्या टाकीची. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर टाकीतलं रबर गेलंय आणि पाणी दिवसरात्र वाहतंय. या गळतीला आवाज नसतो, म्हणून ती वर्षानुवर्षं चालते.

तिसरी मीटरची. सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा हलत असेल तर कुठेतरी गळतंय. सेकंदाला एक थेंब ठिबकणारा नळ क्षुल्लक वाटतो, पण चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला २१ लिटरच्या वर पाणी जातं.

माझ्या पहिल्या घरात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला छतावरचा डाग दाखवला होता, तळहाताएवढा. मी "बघतो हं" म्हणालो आणि चार महिने बघितलं नाही. पाचव्या महिन्यात त्यांच्या छताचं प्लास्टर ताटाएवढं खाली आलं. सुदैवाने त्या वेळी खाली कोणी नव्हतं. मग माझी फरशी, त्यांचं छत, त्यांचा रंग आणि भाडेकरूला दिलेली भाड्यातली सूट, सगळं मिळून सात महिन्यांचं भाडं गेलं. डाग पडला तेव्हाच सांधे भरून घेतले असते तर एका महिन्याच्या आत भागलं असतं.

वीज आणि गॅस

इथे काटकसर नको. मुख्य पॅनलमध्ये गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का ते बघा. त्यावरचं 'टेस्ट' बटण दाबलं की वीज गेलीच पाहिजे. नाही गेली तर ते नुसतं शोभेला आहे. गिझरचं अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि त्याची पावती जपून ठेवा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो काढाच. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि आतल्या माणसाला गुंगी येईपर्यंत काही कळत नाही.

भाडं किती मागायचं

एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के गेले. आता समजा मनासारखं, म्हणजे ५ टक्के जास्त भाडं देणारा यावा म्हणून तुम्ही महिनाभर थांबलात आणि तो आला. गेलेला महिना भरून निघायला २० महिने लागतील. तोवर तो राहिला तर बरं.

मी १० टक्क्यांसाठी अडून बसलो होतो. पहिल्या आठवड्यात एक जोडपं आलं होतं, चांगलं होतं, बाजारभावाने द्यायला तयार होतं. मी नाही म्हटलं. घर तीन महिने रिकामं राहिलं. मग हवं तेवढं भाडं देणारा मिळाला आणि मी जिंकल्यासारखा हिंडलो. तीन महिने वसूल व्हायला तीस महिने लागणार होते. तो बाविसाव्या महिन्यात बदली होऊन गेला.

म्हणून आता मी बाजारभावाच्या किंचित खाली भाडं ठेवतो. जास्त लोक बघायला येतात आणि निवडायला वाव मिळतो. आलेला माणूसही चटकन हलत नाही.

भाडेकरू निवडताना

फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या: कधीपासून हवं, किती जण राहणार, काम काय करता, आताचं घर का सोडताय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. 'मालक फार कटकट करतो' हे खरंही असू शकतं. पण लागोपाठच्या तीन घरांचे तिन्ही मालक कटकटे निघाले असतील तर जपून.

उत्पन्नाचा सर्वसाधारण दंडक असा की भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असावं. याची मुळं अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमात आहेत. तिथे १९६९ मध्ये भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या २५ टक्के ठरली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्क्यांवर गेली. कल्याणकारी योजनेतला हा आकडा पुढे अनेक खासगी घरमालकांनी उचलला. तो ताणून बघायला हरकत नाही, पण निम्मं उत्पन्न भाड्यात जाणारा माणूस कितीही सज्जन असला तरी एका आजारपणात अडचणीत येतो, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही.

चौकशी कोणाकडे करायची? सध्याच्या घरमालकाकडे तर कराच, पण त्याच्या शब्दाचं वजन कमी धरा. त्याला हा भाडेकरू जायला हवा असेल तर तो त्याचं कौतुकच करणार! त्याच्या आधीच्या मालकाला फोन लावा. त्याला आता काही देणंघेणं नसतं. प्रश्न एकच पुरतो: "पुन्हा याच माणसाला घर द्याल का?" उत्तर येण्याआधी तो किती वेळ थांबतो तेही ऐका.

जात, धर्म, रंग किंवा एकटं राहणं यांवरून माणसं गाळू नका. भाडं वेळेवर येईल का, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही, शिवाय अनेक देशांत तो सरळ गुन्हा किंवा दाव्याचं कारण आहे. अमेरिकेत वंश, रंग आणि धर्म यांबाबत तसा कायदा १९६८ पासून आहे.

करार: ओळखीच्या माणसाशी तर नक्कीच

"अहो, आपल्यात कसला कागद?" हे वाक्य मी एका मित्राच्या नातेवाइकाकडून ऐकलं आणि मान डोलावली. दीड वर्षानंतर घर सोडताना मुदत किती ठरली होती, आगाऊ सूचना किती दिवसांची आणि पाण्याचं बिल कोणाचं, या तिन्ही गोष्टी दोघांना वेगवेगळ्या आठवत होत्या. खोटं कोणीच बोलत नव्हतं. आमच्या मित्राने मात्र दोन्ही घरी जाणं सोडलं.

करारात भाडं, तारीख आणि मुदत सगळेच लिहितात. राहून जातं ते असं: किती रकमेपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूने परस्पर करायची आणि त्यावरची कोणाची, कोणतं बिल कोणाच्या नावावर, घरात नावानिशी कोण राहणार, पोटभाडेकरू चालेल का, भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, मध्येच सोडायचं झालं तर दोन्ही बाजूंना किती दिवसांची सूचना. हे सगळं साध्या भाषेत लिहा. नोंदणी, मुद्रांक, पोलिसांना कळवणं हे नियम जागेनुसार बदलतात. तासाभराची वकिलाची फी द्या आणि तुमच्या भागातलं काय ते विचारून घ्या. इंटरनेटवरून उतरवलेला मसुदा भलत्याच देशाचाही असू शकतो.

अनामत रक्कम किती घ्यायची यावरही कायदा बोलतो. इंग्लंडमध्ये साधारण घरांसाठी २०१९ पासून कमाल ५ आठवड्यांचं भाडं, आणि ती रक्कम ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. जर्मनीत कमाल तीन महिन्यांचं मूळ भाडं, तेही भाडेकरू तीन हप्त्यांत देऊ शकतो. भारतात केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. आकडा काहीही असो, ही रक्कम तुमची नाही. वेगळ्या खात्यात ठेवा. ती खर्च करून बसलेला मालक परत करायच्या दिवशी भिंतीवरचे ओरखडे मोजत बसतो.

चावी द्यायचा दिवस

दोन तास मोकळे ठेवा. मुख्य दारात उभं राहून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत प्रत्येक खोलीचे फोटो काढा, आधी चार भिंती, मग फरशी, मग छत. कपाटं उघडून आतले, सिंकखालचे, कमोडच्या बुडाचे, गिझरवरच्या क्रमांकाचे. आधीच असलेला ओरखडा, तडकलेली फरशी किंवा ढिली कडी जवळून टिपा. वीज आणि पाण्याच्या मीटरवरचे आकडे टिपा. चाव्या किती दिल्या ते लिहा. सगळं त्याच दिवशी भाडेकरूला पाठवा आणि आठवडाभरात त्याला आणखी काही दिसलं तर त्यात जोडायला सांगा. याने त्याचंही रक्षण होतं आणि हे त्याला लगेच कळतं.

मागचा भाडेकरू गेला असेल तर कुलूप किंवा निदान त्याचा आतला सिलिंडर बदला. चाव्यांच्या नकला कोणाकोणाकडे आहेत हे कोणीच सांगू शकत नाही.

माणूस राहायला आल्यावर

ते आता त्याचं घर आहे. चावी तुमच्याकडे असली तरी न सांगता जाऊ नका. इंग्लंडच्या कायद्यात आणि भारताच्या आदर्श कायद्यातही किमान २४ तास आधी कळवायला सांगितलंय. मी वर्षातून दोनदा, आठवडाभर आधी सांगून, प्लंबरला बरोबर घेऊन जातो. तो सांधे आणि नळ बघतो, मी चहा घेतो. भाडेकरूला ही तपासणी वाटत नाही आणि ओल मात्र लवकर सापडते.

तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्या, काम दोन दिवसांनी झालं तरी चालेल. दोनदा दुर्लक्ष झालं की माणूस तिसऱ्यांदा सांगतच नाही, आणि पुढची गळती तुम्हाला खालच्या मजल्यावरून कळते.

भाडं चुकलं तर तिसऱ्या दिवशी सौम्य निरोप, दहाव्या दिवशी फोन, महिना उलटला की लेखी सूचना. भिडेखातर दोन महिने गप्प बसलात तर थकबाकी अनामत रकमेएवढी होते आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. अडचण खरी असेल तर हप्ते ठरवून द्या, पण कागदावर. आणि कितीही राग आला तरी वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यातलं काही करू नका. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे आणि थकबाकीदारासमोर तुम्हीच आरोपी होता.

घराच्या जमाखर्चाला वेगळं बँक खातं आणि पावत्यांना एक फाइल. कर देशागणिक वेगळा. भारतात मिळालेल्या भाड्यातून भरलेला स्थानिक कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीला काहीही लागो. अमेरिकेत प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या चालतात आणि राहण्यासाठी भाड्याने दिलेल्या घराच्या बांधकामाचा घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, २७.५ वर्षांत विभागून मिळतो. पावत्या दोन्हीकडे जपा, कारण घर विकताना नफ्याच्या हिशेबात सुधारणांच्या खर्चाचा विषय पुन्हा निघतो.

घर सोडताना

सुरुवातीचे फोटो उघडा आणि भाडेकरूबरोबर त्याच क्रमाने फिरा. वापराने झालेली झीज तुमची, मोडतोड त्याची. भांडण मधल्या जागेवर होतं. तिथे वयाने भागा. समजा भिंतीचा रंग पाच वर्षं टिकतो, भाडेकरू तीन वर्षं राहिला आणि मुलाने भिंतभर खडूने चित्रं काढली. रंगाची तीन वर्षं वापरात संपलीच होती, तेव्हा नव्या रंगाच्या खर्चातला पाचातला दोन हिस्साच त्याच्याकडून घ्या. हे गणित समोर मांडलं की माणसं बहुधा मान्य करतात. उरलेली अनामत ठरल्या तारखेला, वजावटीच्या पावत्यांसह परत.

दुसरा भाडेकरू येईपर्यंत विम्याची कागदपत्रं एकदा वाचा. घर ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर बऱ्याच पॉलिसींमध्ये संरक्षण कमी होतं. पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, गिझरचा स्विच बंद करा. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी जाऊन प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये आणि सिंकमध्ये एकेक मग पाणी ओता. त्या वाकड्या नळीत पाणी साचलेलं असतं तोवर गटाराची हवा अडते. रिकाम्या घरात ते वाळतं, घाण वास घरभर पसरतो, झुरळं वर येतात, आणि घर बघायला आलेलं कुटुंब नाकाला रुमाल लावून दारातूनच परत जातं.